लोड सुटल्यावर

आबांनी सुनेच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि लगोलग डिलीटच्या कळीवर तर्जनी आपटायला सुरुवात केली. टक टक टक टक. सेटिंगचं पान उघडायला ही कळ अगदी नेमक्या क्षणी दाबावी लागते. तो क्षण कोणता हे कॉम्प्युटर सांगत नाही, म्हणून जाणकार माणूस ती दाबतच राहतो. आबा जाणकार होते. सगळी अडचण तिथेच होती.

"काय चाललंय?" दारातून आजींचा आवाज आला. त्यांच्या हातात वाटाण्यांचं ताट होतं.

"धूळ पुसतोय."

"एका बोटाने?"

"कळांच्या मधे जाऊन बसते ती."

"तिच्या टेबलाला हात लावलेला तिला खपत नाही, माहितीय ना?"

"म्हणून तर ती यायच्या आत पुसून घेतोय."

सकाळपासून आबा बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. आजींनी ताटातला एक किडका वाटाणा उचलून बारकाईने पाहिला, मग तशाच नजरेने नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता त्या स्वयंपाकघरात गेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली की न बोलण्याचाही आवाज येतो. आबांना तो आला.

पडद्यावर सेटिंगचं पान उघडलं होतं. सून नातीला शाळेत सोडून, येताना भाजी घेऊन यायची. तेवढा वेळ हाताशी होता. आबांनी प्रोसेसरचा वेग पूर्वीचा केला. व्होल्टेज पूर्वीचं केलं. 'घोडा' नावाने जपून ठेवलेली सगळी सेटिंग त्यांनी पुसून टाकली. हे नाव त्यांनीच दिलं होतं आणि देताना छाती फुगवून हसले होते, ते आठवून आता त्यांचे कान गरम झाले. मग त्यांनी प्रोसेसरला राबवून पाहणारा चाचणीचा प्रोग्राम सुरू केला. या प्रोग्रामची गंमत अशी की त्यातल्या गणितांची उत्तरं आधीच ठाऊक असतात. प्रोसेसरने ती गणितं पुन्हा पुन्हा सोडवायची आणि उत्तर जुळलं नाही की प्रोग्रामने लाल ओळ दाखवायची.

पंखा घरघरू लागला. आबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले. सगळं होतं तसं झालं होतं, कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. काल रात्री जेवण गेलं नव्हतं, आता थोडी भूकही लागल्यासारखी वाटली.

मग लाल ओळ आली.

आबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. पुन्हा लावला तेव्हा पडद्यावर दुसरी लाल ओळ आलेली होती.

*

आबांची सगळी नोकरी वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये गेली. शहराला दिवसभर सारख्या दाबाने वीज पोचवणं हे त्यांचं काम. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की लोड वाढतो, लोड वाढला की व्होल्टेज खाली बसतं, आणि ते बसू न देणं यातच माणसाच्या आयुष्याचं सार्थक आहे अशी आबांची समजूत होती. त्यांच्या पाळीत दिवे मंद झाले नाहीत. लोक त्यांना व्होल्टेजसाहेब म्हणत. तोंडावर आदराने म्हणत आणि पाठीमागे वेगळ्या सुरात, पण शब्द तोच असल्यामुळे आबांना फरक कळला नाही.

निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं त्यांनी घरातल्या प्रत्येक सॉकेटचं व्होल्टेज मोजण्यात घालवली. ते सगळीकडे सारखंच आलं. त्यानंतर काय करावं हा प्रश्न उरला.

सुनेने घरून काम करायचं ठरवलं तेव्हा तो प्रश्न काही काळ सुटला. ती इमारतींच्या छतांचं गणित करायची. लोखंडी सांगाड्यावर एवढा वारा, एवढं वजन आलं तर तो किती वाकेल, कुठे तुटेल, हे तिचा कॉम्प्युटर तासन् तास बसून काढायचा. नवरा परगावी नोकरीला. त्यामुळे कॉम्प्युटरचे भाग निवडण्यापासून ते जोडण्यापर्यंत सगळं या दोघांनी केलं. सुनेने टॉर्च धरला आणि आबांनी श्वास रोखून प्रोसेसर जागेवर बसवला. तो बसल्यावर सून टाळी देत म्हणाली होती, "आबा, तुम्ही सर्जन व्हायला हवं होतं." हे वाक्य आबांनी पुढे बऱ्याच जणांना, विषय नसताना सांगितलं.

मग आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू गेला, बारीक अक्षरं पुन्हा दिसू लागली, आणि त्या नव्या डोळ्याने आबा इंटरनेटवर जाऊन पडले ते थेट ओव्हरक्लॉकिंगवाल्यांच्या कंपूत.

ही मंडळी कॉम्प्युटर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवतात. पळवून कुठे जायचं असतं असं विचारलं तर त्यांना राग येतो. वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवावं लागतं. मग कुणाचं किती वेगाने पळालं त्याचा आकडा सगळ्यांसमोर टांगायचा आणि बाकीच्यांनी वा वा करायची. बहुतेक सगळी कॉलेजातली पोरं. पण व्होल्टेज हा शब्द दिसताच आबांना माहेरची हाक ऐकू आल्यासारखं झालं. त्यांनी दोन-चार पोरांच्या चुका काढल्या. पोरं त्यांना 'काका' म्हणू लागली. एकाने लिहिलं, "काका, नुसतं बोलू नका, तुमचा आकडा दाखवा."

आबांचा स्वतःचा कॉम्प्युटर इतका जुना होता की त्याला पळवणं ही क्रूरता ठरली असती. सुनेचा मात्र रोज सकाळी, नातीची शाळा सुरू व्हायच्या वेळेला, रिकामा असायचा.

आकडा चांगला आला. मग आणखी चांगला. एकच गोष्ट आबांना खटकत होती: प्रोसेसरवर लोड आला की त्याचं व्होल्टेज खाली बसायचं. थोडंसंच, पण बसायचं. व्होल्टेजसाहेबांच्या डोळ्यांदेखत! सेटिंगमध्ये त्यावर इलाजही होता. व्होल्टेज किती खाली बसू द्यायचं हे ठरवणाऱ्या काही पायऱ्या होत्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर ते तसूभरही बसत नसे. त्या पायरीपुढे मदरबोर्डवाल्यांनी लाल रंगात एक इशारा दिला होता. आबांनी नोकरीत असे इशारे स्वतः लिहिले होते, त्यामुळे ते वाचायची त्यांना सवय नव्हती.

त्या दिवशी कंपूत टाळ्यांचा पाऊस पडला. "काका, आग लावली!" असं एकाने लिहिलं. आबांनी ते वाक्य दोनदा वाचलं, आणि सेटिंग तशीच ठेवली. तिचंही काम भराभर होईल, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाने ते ताबडतोब मान्य केलं. आबांचं मन अशा बाबतीत फार समजूतदार होतं. आठवड्याभराने सून जेवताना म्हणालीसुद्धा, "हल्ली मशीन काय पळतंय, आबा! आपण भाग चांगले निवडले." आबांनी मान खाली घालून वरणात भात कालवला. विनयाने, असं सगळ्यांना वाटलं.

आणि काल संध्याकाळी ते पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या खोलीवरून जात होते, तेव्हा ती फोनवर ऑफिसातल्या सरांशी बोलत होती.

"नाही सर, मशीनचं कसं असेल? मशीन छान आहे. माझंच काहीतरी चुकतंय. कालचं गणित आज पुन्हा केलं तर उत्तर वेगळं. परवाचं पण तसंच... गोदामाच्या छतापासून माझं काहीतरी बिघडलंच आहे, सर. आधी ती चूक, आता हे. माझा माझ्यावरच विश्वास राहिलेला नाही." मग बराच वेळ ती ऐकत होती. "हो. म्हणूनच म्हणते, शाळेच्या छताचं काम दुसऱ्या कुणाला द्या. छताखाली मुलं बसणार. उद्या मी सगळं सोपवते, आणि... पुढचं नंतर बोलू. नाही, रडत नाहीये. सर्दी आहे."

सर्दी नव्हती. आबा तांब्या घेऊन तसेच परत गेले. त्यांना पाणी कशाला हवं होतं हे त्यांना आठवेना.

*

तिसरी लाल ओळ आली तेव्हा आबांनी चाचणी थांबवली.

काय झालं असणार, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं. नवा डोळा नसता तरी दिसलं असतं. लोड आल्यावर थोडं खाली बसणं हा प्रोसेसरचा दोष नव्हताच. बनवणाऱ्यांनी ती जागा मुद्दाम सोडली होती. कारण खरा धोका लोड येताना नसतो, लोड एकदम सुटतो तेव्हा असतो. ओढणारं कुणी उरलं नाही की व्होल्टेज उसळी मारून वर जातं. खाली बसायला मुभा असेल तर उसळी मर्यादेत राहते. आबांनी ती मुभाच काढून घेतली होती. सुनेचं एकेक गणित संपलं, लोड सुटला, की प्रत्येक वेळी त्या नखाएवढ्या तुकड्याला आतून एक रट्टा बसत होता. असे दिवसाकाठी कितीतरी. आता तो आतून झिजला होता, आणि पूर्वीच्या वेगाला पूर्वीचं व्होल्टेज त्याला पुरत नव्हतं. आबांनी सेटिंग परत केली होती. प्रोसेसर परत होणार नव्हता.

आणि हे त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. नव्या पोरांना कंट्रोल रूममध्ये घेतलं की पहिल्याच दिवशी आबा हेच शिकवायचे: "दिवे लागताना कुणीही सांभाळेल रे. अख्ख्या शहराचा लोड एकदम सुटला, तर सांभाळा." वाक्य छान होतं. शिकवून शिकवून गुळगुळीत झालं होतं, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या हातात ते राहिलं नसावं.

दाराची कडी वाजली. चपला काढल्याचा आवाज आला, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवल्याचा आला. आबांना पळून जायला वेळ होता. ते खुर्चीतून उठले नाहीत.

"आबा? इथे काय करताय?" सून दारात होती. मग तिची नजर पडद्यावर गेली. "हे काय लाल लाल?"

"बस," आबा म्हणाले.

"तुम्ही माझ्या खुर्चीवर बसलाय."

आबा उठले. ती बसली. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"असं बघ. कुठल्याही लाइनवर लोड आला की व्होल्टेज ड्रॉप होतं. आता लाइन लांब असेल तर—"

"आबा."

"ऐक तर. समजा एक ट्रान्सफॉर्मर आहे—"

"आबा, तुम्ही घाबरलात की ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात करता. काय झालंय?"

मग आबांनी सांगितलं. ट्रान्सफॉर्मर वगळून सांगितलं, त्यामुळे ते फारच थोडक्यात झालं. कंपू, आकडा, वरची पायरी, लाल इशारा. 'काका, आग लावली' हेही सांगितलं, कारण ते न सांगता पुढचं सांगता येईना. सगळं सांगून झाल्यावर कळलं की एवढी वर्षं आपल्याला लाज म्हणून जे माहीत होतं ती नुसतीच भीड होती. लाज ही वस्तू निराळी. ती वजनदार असते, आणि कुठे ठेवावी ते कळत नाही.

सून ओरडली नाही. तिने माउस हातात घेतला, सोडला.

"म्हणजे उत्तरं मशीनच चुकवत होतं."

"हो."

"एकच गणित दोनदा केलं की दोन उत्तरं येत होती, ती..."

"तू नाहीस. तुझं काही चुकलेलं नाही."

"मी रोज हाताने ताळा करत बसायचे, आबा. अंघोळ करताना सुद्धा बेरजा करत होते. मला वाटलं, मला काहीतरी झालंय. डॉक्टरकडे जाऊन यावं असं वाटत होतं."

आबांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर तीन लाल ओळी होत्या. त्या तिच्या चेहऱ्यापेक्षा सोप्या होत्या.

"आता काय करता येईल याचं?" तिने विचारलं.

"बदलावाच लागेल. तोवर वेग बराच खाली आणला तर बरोबर चालेल. हळू चालेल, पण बरोबर. चाचणी करून देतो."

"तुम्ही नका करू. मी करते, तुम्ही सांगा." मग ती थबकली. तिच्या मनात काहीतरी मागे मागे जात होतं, ते आबांना दिसलं. "आबा, हे कधीपासून?"

"झाले काही महिने."

"गोदामाचं छत? ते पण?"

गोदामाच्या छताचं प्रकरण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने वाऱ्याचा एक आकडा चुकीचा घेतला होता, कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत लोखंड कापून झालं होतं, आणि सरांनी सगळ्यांच्या देखत तिला एवढंच म्हटलं होतं, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्या दिवसापासून ती घरात चालायचीसुद्धा हळू. आता तिने मान वर करून पाहिलं तेव्हा डोळ्यांत एवढीशी आशा होती, आणि ती बघवत नव्हती.

"ते पण," आबा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! त्याच्या आदल्याच आठवड्यात केलं होतं मी. पहिलंच. तेव्हा तर मला नीट जमतही नव्हतं. गोदामाचं सगळं माझ्याच डोक्यावर."

खरं सांगताना अडखळलेली जीभ आता लोण्यातून सुरी चालावी तशी चालली. सून त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या डोळ्यांतली ती आशा गेली, आणि तिच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते आबांना कळलं नाही. पण ते आल्यावर तिचे खांदे जरा सैल झाले.

"आबा, त्या आठवड्यात तुमच्या डोळ्याला पट्टी होती."

"एकाच डोळ्याला," आबा म्हणाले. "दुसरा मोकळा होता."

ती हसली. हसताना तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "त्या मोकळ्या डोळ्याने तुम्हाला ताटातली चटणी दिसत नव्हती."

"दिसत होती. सांगत नव्हतो."

"वाऱ्याचा आकडा मशीन घेत नाही, आबा. मी घालते. तो मीच चुकीचा घातला." तिने फोन उचलला. "असू दे. ती एक चूक माझी. एवढी आपली म्हणायला हरकत नाही."

तिने फोन लावला. आबांना खोलीतून जायला हवं होतं, पण त्यांच्या मागे भिंत होती आणि पुढे तिची खुर्ची होती.

"सर, दोन मिनिटं. मशीनमध्ये बिघाड आहे. हो, आत्ताच तपासलं. गेल्या काही महिन्यांतलं मी पाठवलेलं सगळं थांबवा, मी एकूण एक पुन्हा करून देते. त्यातलं एकही छत अजून चढलेलं नाही ना? बरं झालं. शाळेचं? नाही, ते मीच करणार... नाही सर. गोदामाचं त्यात धरू नका. ती चूक माझी होती." तिचा आवाज आता अजिबात हलत नव्हता. "कारण असं काही नाही, सर. लक्ष नव्हतं. मधे मधे उठावं लागत होतं, घरात जरा... नाही, विशेष काही नाही."

आबांचा हात आपोआप डोळ्याकडे गेला.

ऑपरेशननंतर थेंब घालावे लागत होते. दिवसातून पुष्कळदा, वेळ न चुकवता. आजींचा हात थरथरतो, म्हणून ते काम सुनेकडे होतं. तिच्या फोनचा अलार्म वाजायचा, काम सोडून ती लगबगीने यायची, "वर बघा, आबा, छताकडे," म्हणायची, थेंब टाकायची, आणि परत जायची. आबा छताकडे बघत पडून राहायचे. कधी कधी थेंब गालावर पडला तर ते तिला म्हणायचे, "लक्ष कुठे आहे तुझं?"

"मशीनला कसला बिघाड?" सर विचारत असावेत, कारण ती म्हणाली, "व्होल्टेजचा, सर. आपोआप होतं तसं कधी कधी." आणि तिने आबांकडे पाहिलंही नाही.

स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला. "झाली का धूळ पुसून?"

"नाही," आबा म्हणाले, आणि त्यांनी सुनेपुढे फोनसाठी हात केला.